खालच्या रानातले दगड

“आजोबा, खालच्या रानात माणसं किती पुरली आहेत?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि टकळीने श्वास रोखून धरला. अंगणाच्या भिंतीपलीकडे उंटीण आणि चष्मिश या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी गुडघ्यात डोकी घालून बसल्या होत्या. चष्मिशला हसू आवरत नव्हतं. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसा तिचा आवाज इकडे येत होता. पैज त्या दोघींनीच लावली होती. खालच्या रानात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत जातो, म्हणजे तिथे नक्की कोणाला तरी पुरलंय, असं उंटिणीचं म्हणणं. पुरलं असतं तर उलट खत होऊन पीक जोरात आलं असतं, असं चष्मिशचं शास्त्र. वाद मिटेना, तेव्हा ठरलं की वसाहतीतल्या सगळ्यांत जुन्या माणसालाच विचारावं. आणि तो माणूस टकळीच्या घरात राहतो म्हटल्यावर विचारायचं टकळीने.

वर्षभरापूर्वी हे तिला जमलं नसतं. तेव्हा बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं तरी ती कानांपर्यंत लाल व्हायची. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलीचा घसा बसला, बाईंनी दिसेल त्या मुलीला व्यासपीठावर ढकललं, आणि ती दिसेल ती मुलगी हीच निघाली. पहिलं मिनिट ती खाली बघूनच बोलली. दुसऱ्या मिनिटाला लोक ऐकतायत हे कळलं. नंतर बाईंना घंटा तीनदा वाजवावी लागली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव टकळी पडलं, आणि तिलाही ते बक्षिसासारखंच वाटत होतं.

आजोबा भिंतीच्या दगडांमधल्या दरजा भरत होते. त्र्याऐंशी वर्षांचे, पण थापी हातात आली की मनगट तिशीतलं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. वसाहतीतली चाळीसच्या चाळीस घरं त्यांनीच उभी केलेली, आणि अजूनही कोणाच्या भिंतीला भेग पडली की ते आपणहून घमेलं घेऊन जायचे.

“एकही नाही,” आजोबा मान वर न करता म्हणाले. “भिंतीपलीकडच्या दोघींनाही सांग. आणि म्हणावं, ती गटाराची कड आहे. फ्रॉक खराब होतील.”

भिंतीपलीकडे एकच पळापळ झाली. टकळीला हसू आलं. पैजेचा निकाल लागला होता, आता गेली असती तरी चाललं असतं. पण तोंड एकदा उघडलं की लगेच मिटायची सवय राहिली नव्हती.

“मग तिथे काही उगवत का नाही?”

हा प्रश्न पैजेत नव्हता. आजोबांची थापी दगडावर थांबली. त्यांनी ती घमेल्यात ठेवली, भिंतीला हात टेकून उठले आणि हात न धुताच आत गेले. घमेल्यात अर्ध्याहून जास्त कालवलेला सिमेंटचा माल तसाच. टकळी उभीच राहिली. कालवलेला माल वाया घालवणाऱ्याला आजोबा माणसांत मोजत नसत. संध्याकाळपर्यंत तो घमेल्यात दगड होऊन बसला.

*

वसाहतीची हकिगत टकळीला पाठ होती, कारण शाळेच्या हस्तलिखितासाठी तीच ती लिहीत होती. ‘आपली वसाहत : साठ वर्षं’. इतिहासाच्या बाईंनी काम दिलेलं, आणि टकळीने आनंदाने पूर्ण अंगावर घेतलेलं.

साठ वर्षांपूर्वी सीमा आखली गेली. इथली माणसं पलीकडे गेली, गेली की घालवली यावर बाई म्हणाल्या होत्या, “गेली असं लिही.” सीमेलगतची जमीन रिकामी नको म्हणून सरकारने दूरच्या कोरड्या मुलखातून चाळीस कुटुंबं आणली. त्या मुलखात विहिरीचा तळ दिसायचा आणि शेतात मातीपेक्षा दगड जास्त. प्रत्येक कुटुंबाला घरापुरती जागा आणि खालच्या रानात एकेक तुकडा मिळाला. पहिली दोन वर्षं पिकं बरी आली. तिसऱ्या वर्षापासून जमीन चिबड झाली, पाणी साचून राहायला लागलं, बियाणं कुजायला लागलं. साहेब येऊन माती बाटलीत भरून घेऊन गेले. उत्तर आलं की जमीनच खराब आहे.

लोक हताश झाले, तेवढ्यात सीमेवर नाका उघडला. इकडच्या ट्रकला तिकडे जाता यायचं नाही आणि तिकडच्याला इकडे, त्यामुळे सगळा माल मधल्या मैदानात एकातून काढून दुसऱ्यात भरावा लागायचा. चाळीस घरांची दोन पिढ्यांची पोटं त्या चढउतारावर भरली. कोणी हमाल, कोणी चहावाला, कोणी पंक्चर काढणारा, कोणी ड्रायव्हरांना खाटा देणारा. टकळीचे बाबा वजनकाट्यावर, आई अर्ज लिहून देणाऱ्या खोलीत.

आणि आठ महिन्यांपूर्वी साठ किलोमीटरवर नवा पूल झाला. त्यावरून ट्रक सरळ पलीकडे जातात, थांबतसुद्धा नाहीत. नाका अजून आहे, फक्त त्याच्याकडे कोणी येत नाही.

येत्या शनिवारी शाळेच्या सभागृहात सभा होती. सरकार जमिनी आणि घरं परत घेणार, बदल्यात शहरात दोन खोल्यांचं घर देणार. चाळीस कुटुंबांनी सह्या करायच्या. कागदावरचं वाक्य टकळीला तोंडपाठ झालं होतं, कारण आई ते चाळीस वेळा लिहीत होती: ‘सदर जमीन मुळातच शेतीस अयोग्य असून ती शासनास परत करण्यास आमची हरकत नाही.’

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा आजोबा फाटकाशी उभे होते. हातात खुरपं.

“चल जरा मागे,” ते म्हणाले. “एकटी.”

उंटिणीने भुवया उडवल्या. टकळीने तिच्याकडे बघितलं नाही.

शाळेच्या मागे सरकारी जागेचा एक तुकडा होता. त्यात नासपतीची अकरा झाडं, जुनी, वेडीवाकडी, पण दर वर्षी फळांनी वाकायची. ही झाडं आधीच्या लोकांची. शाळेची जागा म्हणून ती कोणाच्या वाट्याला गेली नव्हती. तिथून कुंपणापलीकडे खालचं रान सुरू व्हायचं, लव्हाळ्याचं हिरवं, दिसायला छान आणि कामाला शून्य.

“इथे खण,” आजोबा दोन झाडांमधली जागा दाखवत म्हणाले.

“काय सापडणार? सांगाडा?”

“खण म्हटलं ना.”

त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. टकळीने दप्तर फेकलं आणि खणायला बसली. माती भुसभुशीत, हाताला कोरडी. दीड वीत गेल्यावर खुरपं टणकन वाजलं. तिने हाताने माती सारली. चपटे दगड, एकाला एक लावून ठेवलेले, झाकण घातल्यासारखे. आजोबा कसेबसे खाली बसले आणि त्यांनी एक दगड अलगद उचलला. खाली पोकळी होती, आणि पोकळीत बारीक दगडगोटे.

“कान लाव.”

टकळीने मातीवर गाल टेकला. आत पाणी चाललं होतं. नळ नीट बंद केला नाही की येतो तसा आवाज, पण न थांबणारा.

“हे डोंगरातून उतरतं,” आजोबा म्हणाले. “जमिनीच्या पोटातून. ते लोक त्याला वाट करून द्यायचे. असे चर सगळ्या रानात होते, कणसाला दाणे असतात तसे ओळीने. पाणी ह्यातून ओढ्याला जायचं आणि वरची माती कोरडी राहायची.”

“होते म्हणजे?”

आजोबांनी दगड परत जागेवर ठेवला. किती नीट ठेवला ते टकळी बघत राहिली. जणू झोपलेल्या कोणाला पांघरूण घालत होते.

“आम्ही कोरड्या मुलखातले. आमच्याकडे शेतात दगड दिसला की तो काढायचा, आणि पाणी दिसलं की अडवायचं. बाप, आजा, सगळे हेच करत आले. इथे आलो, नांगराला दगड लागला. उकरून बघतो तर ओळीच्या ओळी. आम्हाला वाटलं, जाताना त्यांनी रागाने पुरून ठेवलेत, आपला नांगर मोडावा म्हणून.” ते हसले, पण ते हसू लगेच विझलं. “आणि मी तेवीस वर्षांचा गवंडी. चाळीस घरं बांधायचीत, खाण सात मैलांवर, आणि माझ्यासमोर घडीव, सपाट, हातात मावणारा दगड. मी नाचलो गं. मीच घरोघर जाऊन सांगितलं, तुमच्या रानातला दगड काढा, गाडीने आणून टाका, तुमचं घर आधी बांधतो. दोन वर्षांत रान साफ केलं. वर कडेने बांध घातले, पाणी वाहून जाऊ नये म्हणून.”

 

“तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं,” टकळी म्हणाली.

“तेव्हा नव्हतं.”

“मग?”

“एकतीस वर्षांपूर्वी पलीकडच्या लोकांना एका दिवसाचा पास द्यायला लागले. एक म्हातारी आली. तिच्या आजापणजांचं रान बघायला. मी रानातल्या उरलेल्या दगडांनी नाक्याच्या गोदामाची भिंत बांधत होतो, अगदी इथेच, ओढ्याच्या वळणावर. ती लव्हाळ्याकडे बघत उभी राहिली. मग नाक्यावरच्या कारकुनाला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. कारकुनाने मला सांगितलं, ती विचारते, पाण्याची वाट कोणी मोडली? आणि मग तिने माझ्या भिंतीकडे बघितलं. हात फिरवला एका दगडावरून. काही बोलली नाही. पास संपायच्या आत परत गेली.”

वारा आला तसं लव्हाळं एकदम एका बाजूला झुकलं. आजोबा तिकडे बघत नव्हते.

“तुम्ही कोणाला सांगितलं नाही.”

“नाका जोरात होता. शेत कोणाला हवं होतं? आणि सांगू काय? चाळीस घरांत जाऊन सांगू, बाबांनो, ज्या भिंतीच्या आत तुम्ही झोपता तेच तुमचं शेत होतं, मी ते उभं करून ठेवलंय?” त्यांनी खुरप्याची माती अंगठ्याने पुसली. “तू काल विचारलंस. इतक्या वर्षांत सरळ कोणी विचारलं नाही. खोटं बोलता येईना. पण शनिवार जाऊ दे. सह्या होऊ देत, लोक सुखाने जाऊ देत. मग लिही तुझ्या वहीत हवं ते.”

“आजोबा, कागदावर मुळातच अयोग्य असं लिहिलंय.”

“वाचलंय मी,” आजोबा म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी तिला खोदून खोदून विचारलं. “किती निघाले?” उंटीण म्हणाली. “आकडा सांग फक्त.” टकळी म्हणाली, डोकं दुखतंय. चष्मिशने चष्मा पुसून तिच्याकडे नीट बघितलं आणि उंटिणीला म्हणाली, “सोड तिला.” टकळीला त्या दोन शब्दांचं इतकं बरं वाटलं की रडूच आलं असतं.

संध्याकाळी ती बाबांचा डबा आणायला वजनकाट्यावर गेली. ट्रक नसले तरी बाबा रोज आठला जायचे, काट्याचा लोखंडी पट्टा झाडायचे, खिडकीत बसायचे. काटा ट्रकसाठी केलेला, त्याला वीस किलोंच्या आतला फरक कळत नसे. बाबा उभे राहिले की ऐंशी. टकळी लहानपणापासून चाळीसवर अडकलेली.

“उभी राहा बघू,” बाबा खिडकीतून म्हणाले. “आज साठ दाखवणार बहुतेक. तोंड केवढं जड करून आलीयेस.”

आकडा चाळीसच आला. टकळी पट्ट्यावरून उतरली नाही. तिथेच उभी राहून तिने सगळं सांगून टाकलं. म्हातारी, चर, कानाला लागलेलं पाणी. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

“बरं,” ते म्हणाले. “आणि आता?”

“आता म्हणजे काय, बाबा? जमीन खराब नाहीये. आपण खराब केली. लोकांना माहीत तरी नको का?”

“माहीत झालं की काय करतील? साठीला आलेले हमाल फावडी घेऊन चर खणतील? दगड कुठून आणतील, घरं पाडून?” बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. “मी आठ महिने इथे बसून पट्टा झाडतोय, टकळे. एक सायकलसुद्धा वजनाला आली नाही. शहरात तुला कॉलेज आहे, मला गोदामात काम बघून ठेवलंय. एका म्हाताऱ्याला भर सभेत उघडं पाडून तू मिळवणार काय? उद्यापासून लोक त्यांच्या तोंडावर दार लावतील. शेवटची चार वर्षं आहेत त्यांची.”

“पण वाक्य खोटं आहे.”

“सगळी सरकारी वाक्यं थोडी थोडी खोटीच असतात.”

  ती डबा घेऊन निघाली तेव्हा बाबांनी मागून हाक मारली.

“आणि आईला नको सांगूस. निदान तिला तरी नको.”

“का?”

“सांगितलंय तेवढं ऐक.”

*

का, ते शुक्रवारी दुपारी कळलं.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेवटचे कागद लिहायला बसली होती. नाक्यावर अठरा वर्षं लोकांचे अर्ज लिहून तिचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. म्हणून तर सभेच्या कामाला तिलाच गाठलं. टकळी यादीतून घराचा नंबर आणि नाव वाचायची, आई लिहायची.

“सोळा नंबर.”

“झालं.”

“सतरा.” टकळी थांबली. सतरा नंबरपुढे आईच्या वडिलांचं नाव होतं, आणि पुढे कंसात वारस म्हणून आईचं.

आईने पेन उचललं, पण लिहिलं नाही. “हा मीच लिहायचा आणि मीच सही करायची,” ती म्हणाली. “गंमतच आहे. दादा असते तर फाडून टाकला असता.”

दादा म्हणजे तिचे वडील. टकळीने त्यांना पाहिलं नव्हतं; ती जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले होते. घरात त्यांचा विषय फारसा निघत नसे.

“का फाडला असता?”

“सगळ्यांनी शेती सोडली, नाक्यावर गेले. हे एकटे त्या चिखलात. दर वर्षी पेरायचे, दर वर्षी कुजायचं. बांध आणखी उंच करायचे. गुडघाभर पाण्यात उभे, म्हणून लोक त्यांना बेडूक म्हणायचे. मला शाळेत बेडकाची पोर.” आई हसली. “एकदा तर एका मुलीने माझ्या डब्यात खरंच बेडूक ठेवला होता. मी आठवडाभर शाळेत गेले नाही. आणि दादा म्हणायचे, जमीन खराब नाही गं, माझ्याच हाताला गुण नाही. शेवटपर्यंत हेच. दवाखान्यात बेशुद्धीतसुद्धा हेच, माझ्या हाताला गुण नाही.”

टकळीने यादी टेबलावर ठेवली. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि नको असताना बरोबर केली. म्हातारी एकतीस वर्षांपूर्वी आली. दादा पंचवीस वर्षांपूर्वी गेले. मधली सहा वर्षं आजोबांना सगळं माहीत होतं, आणि दादा चिखलात बांध उंच करत होते.

“आई,” ती म्हणाली, आणि मग थांबणं तिच्या हातात राहिलं नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण लावलं. ओट्यावर चहा ठेवला, रोजच्या वेळेला, रोजच्या कपात ओतला आणि पुढच्या खोलीत आजोबांपुढे नेला. टकळी दाराशी गेली.

“मामंजी,” आई म्हणाली, “दादांना सांगितलं होतंत?”

आजोबांनी कप हातात घेतला नव्हता. तो आईच्याच हातात राहिला.

“दोनदा गेलो होतो सांगायला,” ते म्हणाले. “पहिल्यांदा ते पेरत होते. दुसऱ्यांदा दवाखान्यात. दोन्ही वेळा तब्येतीचं बोलून परत आलो.”

“आणि मला मागणी घालायला आलात ती तिसरी वेळ.”

आजोबांनी नजर खाली वळवली.

“वसाहतीत तेव्हा माझ्याहून शिकलेल्या, दिसायला चांगल्या चार मुली होत्या,” आई म्हणाली. आवाज एकदम सपाट, अर्ज वाचून दाखवताना असायचा तसा. “बेडकाच्या पोरीला कोणी विचारत नव्हतं. तुम्ही स्वतः चालत आलात. मला वाटायचं, केवढा मोठा माणूस. एकोणीस वर्षं हेच वाटत आलंय मला.”

“तू मला लेकीसारखीच आहेस. ते खोटं नाही.”

“नसेल,” आई म्हणाली. कप तिने खिडकीत ठेवला. “पण मला आता ते वेगळं काढून बघता येत नाही ना.”

ती स्वयंपाकघरात आली आणि लिहून झालेल्या कागदांच्या गठ्ठ्यासमोर बसून राहिली. टकळीला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटतं. भाषणात तिने तसं म्हटलंसुद्धा होतं, हात उंच करून, आणि टाळ्या पडल्या होत्या. आता घरात तीन खोल्या होत्या आणि तिन्हींमध्ये वेगवेगळी शांतता होती, आणि तिन्ही तिच्यामुळे.

*

बाबा साडेपाचला आले. आईचा चेहरा बघितला, मग टकळीचा, आणि चपला काढायच्या राहूनच गेल्या.

“सांगितलंस.”

“मला राहवलं नाही.”

“कधी राहवतं तुला?” बाबा पहिल्यांदाच चिडून बोलले. “तोंडाला लगाम म्हणून नाही. झालं समाधान? बघ तिच्याकडे.”

“तिला कशाला बोलता?” आई म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हीही लपवलंत. दोन दिवस का होईना.”

“मी तुझ्यासाठीच—”

“सगळे माझ्यासाठीच लपवतात.”

बाबा खुर्चीत बसले. सतरा नंबरचा कागद समोरच होता, वाक्य लिहिलेलं, नाव कोरं. त्यांनी तो वाचला, उलटा ठेवला.

“तू सही करू नकोस हवं तर,” ते हळू आवाजात म्हणाले. “एका तुकड्याने काही अडत नाही. आपण आपल्या घराच्या बत्तीस नंबरवर करू, शहरात जाऊ. पण उद्या सभेत हा विषय नको. अगं, ते माझे वडील आहेत. चाळीस घरांच्या भिंतींना त्यांचा हात लागलाय. लोक त्यांना नमस्कार करतात. उद्या त्याच हातांना काय म्हणतील?”

आईने कागद पुन्हा सुलटा केला. नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तिच्याकडे बघून टकळीला कळलं की आईला दादांचं नाव धुऊन निघालेलं हवंय, आणि म्हाताऱ्यावर कोणी थुंकलेलंही नकोय, आणि दोन्ही एकाच वेळी मागता येत नाही म्हणून ती गप्प आहे.

पुढच्या खोलीतून खाट करकरली. टकळी उठून तिकडे गेली. आजोबा पाय खाली सोडून बसले होते, चहा खिडकीत गार झालेला.

“आजोबा, मी उद्या सांगणार आहे.”

“मला वाटलंच.”

“तुम्हाला राग येईल?”

“राग नाही.” त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, सिमेंटने कायमच्या पांढऱ्या पडलेल्या भेगांकडे. “भीती वाटते गं. ह्या वयात भीती वाटते म्हणायची लाज वाटते, पण वाटते. मला तिथे बसवेल असं वाटत नाही.”

टकळी त्यांच्या शेजारी बसली. तिला त्यांना धीर देणारं काहीतरी बोलायचं होतं, पण ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती ती ती स्वतःच करणार होती. तिने खांदा त्यांच्या खांद्याला टेकवला. मग उठून स्वयंपाकघरात गेली. आई आणि बाबा टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, मधे कागद.

“मला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली. नेहमीसारखा तिचा आवाज चढला नाही. “उद्या सह्या सुरू व्हायच्या आधी मी बोलणार आहे. चर कशासाठी होते, दगड कोणी काढले, कोणी बांधले, सगळं. आजोबांचं नाव घेऊन. दगड चाळीस घरांनी काढले हेही सांगेन, आणि आजोबांना एकतीस वर्षं माहीत होतं हेही. सतरा नंबरचे दादा वेडे नव्हते, त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं, हे सगळ्यात आधी सांगेन. शहरात जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, बाबा. तुम्ही म्हणाल तिथे मी येईन, कॉलेजलाही जाईन. ज्याला सही करायचीय त्याने करावी. पण ते वाक्य खोटं आहे हे ऐकून करावी. आजोबा आले तर त्यांच्या शेजारी उभी राहून बोलेन. नाही आले तर एकटी बोलेन, आणि बोलून झाल्यावर सरळ घरी येऊन त्यांच्याजवळ बसेन. तुम्ही मला अडवलंत तर मला फार वाईट वाटेल. पण मी बोलणार आहे.”